उघाडीच्या फळ्या

खाडीच्या बांधाला जे लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्या फळ्या काढायच्या, शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत फळ्या परत खाचेत ठोकायच्या. काम एवढंच, पण चुकलं तर खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात. सगुणाचा नवरा काळूराम होता तोवर ते त्याच्याकडे होतं. तो गेल्यावर गावाने दुसरं घर शोधलं नाही. "सगुणा करील," म्हणाले. या पट्ट्यात बाईमाणसाला असा मान कोणी दिला नव्हता, आणि सगुणाने तो जिवापाड सांभाळला.

तिचा एकुलता एक धनेश मात्र मोबाईलचा गुलाम. जेवताना मोबाईल, न्हाणीत मोबाईल. कंपनीतला साहेब "फोन ठेव" म्हणाला, तर या महाराजांनी त्याच पावली नोकरी सोडली. मनात आलं की केलं! लग्न झालं की सुधारेल, असं सगुणा म्हणायची. आया असंच म्हणतात, आणि असल्या पोरांचं त्यातच फावतं.

सर्वपित्री अमावास्येचं उधाण होतं. भात पोटरीला आलेलं, आदल्या दिवशीच्या पावसाने शेतं तुडुंब. सकाळी सगुणाने फळ्या काढल्या. पण घरी काळूरामचं पान वाढायचं होतं, म्हणून तिने धनेशला उघाडीवर बसवलं.

"पानी फिरलं का फल्या टाक. दुसरं काय करू नको."

"व्हय गं आये," तो मान वर न करता म्हणाला.

बसला तो, नाही असं नाही. पण त्याने मोबाईलवर टाकलेल्या व्हिडिओखाली शेजारगावच्या निकेशने लिहिलं, 'चिखलातला हिरो.' झालं! धनेशच्या डोक्यात तिडीक गेली. गाडीला किक मारून पठ्ठ्या जाब विचारायला थेट पोयनाडच्या नाक्यावर. निकेश भेटलाच नाही. मग तिथेच उभं राहून याने उत्तराचा व्हिडिओ केला, आणि मनासारखा झाला नाही म्हणून पुन्हा केला.

इकडे कावळा पहिल्याच हाकेला पानाला शिवला. नवरा तृप्त झाला म्हणून सगुणा सुखावली, तोच बांधाकडून आरडाओरडा ऐकू आला. ती धावली, गडीमाणसांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरली, पण भरतीच्या जोरापुढे फळ्या खाचेत बसेनात. डोळ्यांदेखत खाडी भातात शिरली. आता पीक तर गेलंच, पण मीठ धुवून निघेपर्यंत पुढचे दोन-तीन पावसाळे जमीनही हातची गेली.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं.

"उघाडीवर कोन होतं?" म्हाताऱ्या कोंडाजीने विचारलं.

सगुणाने लेकाकडे पाहिलं. तो खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता. तो बोलेल म्हणून तिने वाट पाहिली, अगदी लोक कुजबुजायला लागेपर्यंत पाहिली.

"मीच होते," शेवटी ती म्हणाली. "पानाच्या गडबडीत फल्या टाकाला इसरले."

कोणी ओरडलं नाही. कोंडाजी नुसता म्हणाला, "उद्यापास्न दुसरं कोन बघंल, सगुणा." ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"पोरगा बघा कसा शरमलाय बिचारा," मागून एक बाई हळहळली.

सगुणाने वळून पाहिलं. अंधारून आलं होतं. धनेशच्या हनुवटीवर मोबाईलचा उजेड पडला होता, आणि त्याचा अंगठा भराभर चालला होता.