आमच्याकडे पळी आबांच्या हातात

फ्रीजमध्ये उरल्यासुरल्याच्या वाट्या साठतात ना, तसे आमच्या घरात किस्से साठतात. एक संपवायला काढावा तर मागून तीन निघतात! माहेरी गेले की बहिणी मला घेरून बसतात, "सांग, सासऱ्यांनी आता काय केलं?"

मी कराडची, म्हणजे घाटावरची. लग्न करून हर्ण्याला आले. सासूबाई बंदरावर मासळी घेतात आणि विकतात. सासरे, म्हणजे आबा, उमेदीची सगळी वर्षं बोटीवर खलाशांसाठी रांधत होते. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं, तेही बोटीवरच. यातलं एक अक्षर मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं!

* * *

पहिली सकाळ. आईनं बजावलं होतं, सासूच्या आधी उठायचं. मी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर आबा लुंगी खोचून नारळ खवत बसलेले!

"आबा, आईंना बरं नाही का?"

"तिला काय धाड भरलीय? बंदरावर गेली ती," आबा मान वर न करता म्हणाले. "तुला काय येतं?"

"पिठलं येतं."

खवणी थांबली. आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग बस. बघ. हात लावू नको!"

* * *

पुढच्याच महिन्यात सासूबाईंनी पाटीभर ओले बोंबील घरी पाठवले. आबा बाहेर गेले होते. मी एक बोंबील उचलला, तर तो हाताच्या दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला! अंगात कणाच नाही! दुसराही तसाच, तिसराही तसाच. मला वाटलं, सडले. ताजा बोंबील असाच मऊ असतो, हे घाटावर कुणाला ठाऊक! सगळे नेऊन मागच्या दारी ओतले.

आबा आले. "बोंबील कुठायत?"

"मऊ पडले होते आबा. टाकले."

आबा पायरीवर मटकन बसले. परसात गावभरची मांजरं जमली होती. त्यांनी मांजरांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "त्यांना तरी तळून घालायचे होतेस गो!"

* * *

माझा नवरा महेश तेव्हा मुंबईला नोकरीला होता, मित्रांबरोबर खोली घेऊन. आबा त्याला फोनवरून स्वयंपाक शिकवायचे. बघून नाही, ऐकून! "फोन तव्याजवळ धर. थांब... थांब... आता उलट!"

एका रविवारी महेशनं बांगड्याचं कालवण केलं. आबा म्हणाले, "कसं उकळतंय, ऐकू दे मला." महेशनं फोन टोपावर धरला. बुडुक! आणि पुढे काहीच नाही. "हॅलो? हॅलो?" आबा घामाघूम! मी देवासमोर हात जोडून उभी!

थोड्या वेळानं मित्राच्या फोनवरून महेश बोलला, "आबा, फोन कालवणात पडला! नवा होता हो!"

"अरे देवा!" आबा कळवळले. "बांगडे मोडले काय रे?"

* * *

मग माझी आई पहिल्यांदा राहायला आली. व्याह्यांना थोडी मदत करावी, म्हणून आबांची पाठ वळताच तिनं त्यांच्या कालवणात मूठभर शेंगदाण्याचा कूट घातला! कराडला कुटाशिवाय कालवण नाही. मी ओरडेपर्यंत कूट विरघळलासुद्धा!

आबांनी चव घेतली. "विहीणबाई, यात काय पडलं?"

"पडलं नाही हो, मी घातलं! कूट!" आई खुशीत.

मला वाटलं, माझं माहेर सुटलं आता. आबा शांतपणे म्हणाले, "वादळात बोट कलंडताना बघितलीय मी. तेव्हापण हातातली पळी सोडली नव्हती. आता बघा!" आणि त्यांनी पळी खाली ठेवली!

पण जेवले. दुसऱ्यांदा भातही घेतला, भिंतीकडे तोंड करून!

* * *

महेश परत हर्ण्याला आला आणि आमची सई शाळेत जायला लागली, तेव्हाची गोष्ट. एक दिवस बाईंचा फोन. "घरी सगळं ठीक आहे ना हो?"

"का? काय झालं?"

"सईनं घराचं चित्र काढलंय. आजोबांच्या हातात पळी, बाबांच्या हातात लाटणं."

"बरोबर आहे की!"

"अहो, पण आजीच्या हातात कोयता आहे!"

"तोही बरोबर आहे बाई. मासे कापायचा!"



* * *

आणि हे गेल्या पावसाळ्यानंतरचं. आबांना मोठा ताप येऊन गेला होता. त्या दुपारी कालवण मी केलं. सासूबाई बंदरावरून यायच्या होत्या, म्हणून आबांना आधी वाढलं. इतक्या वर्षांत माझ्या कालवणाला ते "खाण्याजोगं आहे" याच्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी भात कालवून घास घेतला आणि म्हणाले, "जमलं गो पोरी! आज जमलं!"

माझे डोळे भरून आले. महेशनं घास घेतला आणि तोंड धरून मोरीकडे पळाला! मी चाखलं. निव्वळ खारं पाणी! मी मीठ घातलं होतं आणि मला न सांगता महेशनंही घातलं होतं. आणि आबा बोटांनी ताट पुसत होते!

"आबा," मी विचारलं, "तुम्हाला चव लागत नाही?"

"वासपण नाही. त्या तापापासून."

"अहो, पण तुम्ही केलेलं कालचं कालवण? परवाचं? एकदाही बिघडलं नाही!"

"पहिलं ताट तुझ्या सासूला देतो. घास गेला की तिचं कपाळ बघतो. आठी पडली तर नारळाचा रस वाढवतो, नाही पडली तर तुम्हाला वाढतो. आज ती नव्हती, फसलो." मग हळूच म्हणाले, "तिला सांगू नको. चुलीपासून उठवेल मला."

मला राहवेना. संध्याकाळी बंदरावर गेले. लिलावाचा गलका चाललेला. सासूबाई कोळंबी निवडत होत्या. मी कानाशी वाकले. "आई, आबांना ना..."

"चव लागत नाही. ठाऊक आहे."

मी तिथंच वाळूत बसले!

"म्हणून तर एवढी मोठी आठी घालते," त्या म्हणाल्या. "साधी घातली तर ह्यांना दिसत नाही. नजरपण गेलीय." मग पाटी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, हे त्यांना कळू देऊ नको हां!"