फळ्याचा खालचा कोपरा

व्हिडिओ गेम आणि ते रचण्याची कला यांवर मी एक ब्लॉग चालवतो. वाचक मोजके आहेत, पण चिवट आहेत. त्यांतला एक जण नेमाने विचारतो, पानावर उजवीकडे खाली एवढी जागा मोकळी का सोडलीय, तिथं जाहिरात तरी लावा. मी दरवेळी त्याला काहीतरी थाप मारतो. खरं उत्तर द्यायचं तर मला नव्वदच्या दशकातल्या माझ्या गावात परत जावं लागेल. कोल्हारपासून एसटीनं अर्ध्या तासावर, प्रवरेच्या काठी. तिथं एका बुधवारी माझी आत्या नदीत अडकली होती आणि मी चावडीसमोर उभा राहून खडूने एक ओळ लिहीत होतो.

त्या वेळी मी आयटीआय करून कोल्हारच्या स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. शेजारच्या गाळ्यात व्हिडिओ गेमची तीन मशिनं होती. ती बिघडली की मालक मलाच हाक मारायचा. मशीनचं मागचं दार उघडलं की आत हिरवा बोर्ड आणि त्यावर नखाएवढे आठ खटके. त्यातला एक खटका खेळणाऱ्याचे जीव ठरवायचा. खाली असला की तीन जीव, वर केला की दोन. सुट्टीत गर्दी वाढली की मालक हळूच म्हणायचा, एक जीव कमी कर. मी करायचो. पुढे उभी असलेली पोरं बिचारी आपलाच हात चुकला म्हणून हळहळायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. खरं तर तेव्हाच मला माझी ओळख पटायला हवी होती.

त्या खटक्यांमुळे मला खेळाच्या आतल्या गोष्टींचं वेड लागलं. शत्रू कुठून यावा, किती वेळाने यावा, खेळणाऱ्याला किती चिडवावं आणि कुठे सोडून द्यावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, हे कळल्यावर मला गप्प बसवेना. पण सांगणार कुणाला? आमच्या गावात चावडीसमोर भिंतीला एक फळा होता. तरुण मंडळाने तो करून घेतला होता आणि त्यावर रोज एक सुविचार लिहिला जायचा. तो कुणी वाचत नसे, लिहिणारासुद्धा. मी मंडळाकडून फळा मागून घेतला. सुविचार वर एका ओळीत राहू दिला आणि खालची सगळी जागा माझी केली. दर मंगळवारी संध्याकाळी कोल्हारहून आलो की घरी न जाता आधी फळा लिहायचा. आज ज्याला लोक ब्लॉग म्हणतात तोच हा, फक्त खडूचा. लोक खाली शेरेही मारायचे. एकाने लिहिलं होतं, पोरगं कामातून गेलं.

एक अट मात्र होती. फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा कोतवालाचा. त्याने खडूने चौकट आखून घेतली होती. रॉकेल कधी येणार, पोलिओचा डोस कधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीला पाणी कधी सुटणार, हे तो तिथे लिहायचा. उन्हाळ्यात आमची नदी कोरडी असे. वाळूत इथे-तिथे डोह, मधोमध काळ्या खडकाची लांब पाठ, तिच्यावर बाया धुणं आपटायच्या. वरच्या धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटलं की तासाभरात ती भरून वाहायची. कोतवालाची ओळ कायम एकच असे, 'बुधवारी पाणी सुटणार, नदीत उतरू नये.' तारीख तो कधी लिहीत नसे. गावाला वार पुरत होता. पाणी येऊन गेलं तरी ती ओळ कुणी पुसत नसे, पुढची सूचना येईपर्यंत ती तशीच राहायची.

गावात हा फळा वरपासून खालपर्यंत वाचणारी एकच बाई होती, माझी आत्या. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली आणि आमच्याच घरात राहिली. मला तिनेच वाढवलं. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती. संध्याकाळी शाळेत कंदील लावून बसणाऱ्या सात-आठ बायांत ही सगळ्यात पुढे. पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकली त्या दिवशी तिने ते घरात रॉकेलच्या डब्यावर, पेटीवर, चुलीमागच्या भिंतीवर, जिथे जागा मिळेल तिथे लिहिलं. आई चिडली होती. पोस्टात निराधार योजनेच्या पगाराला अंगठा देणारी आत्या सही करू लागली, तेव्हा पोस्टातल्या बाबूने तिला खुर्ची दिली. ती खुर्चीची गोष्ट तिने मला किमान वीस वेळा सांगितली असेल.

माझा फळा म्हणजे तिचं पुस्तक होतं. बुधवारी सकाळी नदीला धुणं घेऊन जाताना ती फळ्यासमोर थांबायची आणि बोट हवेत फिरवत एकेक अक्षर मोठ्याने वाचायची. येणारे-जाणारे हसत. ती ढिम्म. समजत काहीच नसे, कारण तिने व्हिडिओ गेम कधी पाहिला नव्हता, पण प्रश्न मात्र अचूक विचारायची. एकदा मी तीन जिवांबद्दल लिहिलं होतं. रात्री ताटावर बसल्यावर तिने विचारलं, तीनदा मरता येतं म्हंजी पहिल्या दोन्दा त्याला भ्या वाटत नसंल, व्हय? मी पुढचे दोन आठवडे त्याच प्रश्नावर लिहिलं. फळ्यावर तिचं नाव काही घातलं नाही.

त्या वर्षी चैत्रात जत्रा जवळ आली होती. आमच्याकडे जत्रेला पाहुणे येतात म्हणून आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुऊन काढायची रीत आहे. आत्याने बुधवार धरला होता. आदल्या मंगळवारी मी एसटीत बसूनच माझा लेख डोक्यात जुळवला होता. लेख असा होता की चांगला खेळ माणसाला मारण्याआधी खूण देतो. जमीन हलते, आवाज बदलतो, दिवा लुकलुकतो. खूण न देता मारणारा खेळ रचणारा माणूस लबाड असतो, खेळणाऱ्याचा त्यात दोष नसतो. मला वाटत होतं, आजवर लिहिलेल्यात हेच सगळ्यात सरस आहे. मी लिहीत गेलो आणि जागा संपली. शेवटच्या तीन ओळी उरल्या होत्या. त्या गाळायचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

कोपऱ्यात कोतवालाची ओळ होती. 'बुधवारी पाणी सुटणार, नदीत उतरू नये.' मागच्या महिन्यातही पाणी बुधवारीच सुटलं होतं. मी धरून चाललो की ही ओळ तेव्हाची आहे. कोतवालाचं घर तिथून चाळीस पावलांवर होतं. जाऊन विचारलं असतं तर झालं असतं. मी शर्टाच्या बाहीने कोपरा पुसला, चौकटीसकट, आणि माझ्या तीन ओळी तिथे बसवल्या. मग लांब उभा राहून फळा पाहिला. छान दिसत होता.

बुधवारी दहाच्या सुमाराला मी दुकानात एका टीव्हीच्या मागे डोकं घालून बसलो होतो. आमच्या गावाकडून आलेल्या जीपचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, नदीला पाणी आलंय आणि तुमची म्हातारी मधल्या खडकावर अडकलीय. हातातला पाना खाली पडला एवढं आठवतं. तीच जीप मला घेऊन परत फिरली. वाटेत एका ठिकाणी रस्ता नदीच्या जवळून जातो. तिथून मला पाणी दिसलं, गढूळ, फेसाचं, काठाच्या बाभळींच्या मुळांपर्यंत आलेलं. नेहमी डोहावर बसणारे बगळे शेतांवर घिरट्या घालत होते. त्या मिनिटाला मला ती पुसलेली ओळ आठवली.

जीपवाल्याने मला चावडीपाशी सोडलं. नदीची वाट तिथूनच खाली उतरते. चौकात कुणीही नव्हतं. दुकानं उघडी टाकून सगळं गाव काठावर गेलं होतं आणि तिकडून बायांचा ओरडा ऐकू येत होता. मला धावायला हवं होतं. मी फळ्यासमोर थांबलो. खडू माझ्या खिशात कायम असायचा. मी माझ्या शेवटच्या तीन ओळी तळहाताने पुसल्या, चौकट आखली, आणि कोतवालासारखी उजवीकडे कललेली अक्षरं काढत लिहिलं, 'बुधवारी पाणी सुटणार, नदीत उतरू नये.' हात थरथरत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला स्वतःला नंतर असं पटवून द्यायचं होतं की मी भानावर नव्हतो. मी पूर्ण भानावर होतो. मग मी धावलो.

आत्या खडकाच्या वरच्या टोकाला बसली होती. पाणी तिच्या छातीला लागत होतं. दोन्ही हातांनी तिने खडकातली लोखंडी कडी धरली होती, पूर्वी तिथे बसवलेल्या पंपाची. खडक आणि काठ यांच्यामधला सखल पट्टा आधी भरला होता आणि परतीची वाट मागच्या मागे बंद झाली होती. काठावरच्या पाण्याच्या पंपावर काम करणाऱ्या दोघांनी ट्रकची ट्यूब आणि विहिरीचा सोल, म्हणजे जाड दोर, आणला, कमरेला बांधला, आणि तिसऱ्या खेपेला ते तिच्यापर्यंत पोहोचले. तिला ओढून काठावर आणलं तेव्हा तिच्या ओठांचा रंग गेला होता. गोधड्या वाहून गेल्या होत्या. मी तिचे पाय चोळत बसलो आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

आत्याबरोबर धुण्याला गेलेल्या बाया तेवढ्यात सगळ्यांना सांगू लागल्या होत्या. कोतवाल आठ वाजता पाणी सुटलं म्हणून काठाने ओरडत गेला होता, त्या ऐकून वर आल्या, हिला चार हाका मारल्या. ही म्हणाली, "फळ्यावर न्हाई तसं. मी आत्ताच समदा फळा वाचून आले." आणि ती पुन्हा गोधडी आपटायला बसली. ते ऐकून गर्दीतले दोघं-तिघं वर चावडीकडे गेले आणि परत आले. फळ्यावर स्पष्ट लिहिलंय, ते म्हणाले. कोतवालही म्हणाला, मी कालच दुपारी लिहिलंय. एक जण हसला. म्हणाला, या वयात शाळंत जाऊन असंच व्हायचं. मग बाकीचेही हसले, भीती उतरल्यावर लोक हसतात तसे. मी मान खाली घालून पाय चोळत राहिलो.

तिला आठवडाभर ताप होता. ताप उतरल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "तू लिवलेलं समदं वाचलं मी. खूण द्यावी लागती, ते पन वाचलं. मंग ते खालचं मला कसं दिसलं न्हाई रं?"

हीच ती वेळ होती. घरात दोघंच होतो. खरं बोललो असतो तर फार तर तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या, गावाने फळा काढून घेतला असता, कोतवालाने गचांडी धरली असती. एवढंच. मी म्हणालो, ऊन डोळ्यावर आलं असेल, आत्या. आसल, ती छताकडे बघत म्हणाली.

वर्गाला ती पुन्हा गेली नाही. पाटी कोनाड्यात धूळ खात पडली. आईने एकदा चुलीमागची भिंत सारवली तेव्हा आत्याचं नाव झाकलं गेलं आणि तिने ते परत लिहिलं नाही. फळ्यासमोरून जाताना ती पदर पुढे ओढून घ्यायची. मी आणखी दोन मंगळवार लिहिलं, मग मंडळाला सांगितलं की कामामुळे जमत नाही. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. वाचणारी एकच होती.

पुढच्या महिन्यात मी तिला पोस्टात घेऊन गेलो, तिच्यात अजून अशक्तपणा होता म्हणून. बाबूने ओळखून खुर्ची पुढे केली आणि कागदावर पेन ठेवलं. आत्या खुर्चीवर बसली नाही. तिने डावा अंगठा पुढे केला. बाबू म्हणाला, अहो, तुम्हाला येतं की लिहायला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "न्हाई. मला वाटायचं, येतं म्हून."

बाबू माझ्या तोंडाकडे बघत थांबला. मी शाईचा डबा तिच्यापुढे सरकवला.