ओट्याचे तीन इंच

हे गेले तेव्हा शोकसभेत माणसं एकामागून एक उठून बोलली. चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या शेड, दोन शाळा, एक दवाखाना, बंगले तर किती. ह्यांच्या नकाशात रेघ कधी चुकली नाही, असं एकजण म्हणाला आणि मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय. मला हसू आवरत नव्हतं. एक रेघ चुकली होती, आणि ती माझ्यामुळे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या कामगारांची घरं आखायचं काम पुण्याच्या मोठ्या साहेबांनी ह्यांच्यावर सोपवलं होतं. आम्ही चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे सकाळी सायकलवर जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. आले की हातपाय धुऊन थोरलीच्या वेण्या घालायचे, पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. रविवारी मांडीवर ड्रॉइंग बोर्ड आणि पायाच्या अंगठ्याला धाकटीच्या पाळण्याची दोरी.

त्या घरांत ह्यांना उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा हवा होता. साहेबांना तो नको होता. खेड्यातून येणाऱ्या बायका, त्यांची चूल जमिनीवर, फरश्या कशाला वाया घालवायच्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की नमुन्याचं एक घर बांधायचं, कामगारांच्या बायकांना दाखवायचं. त्यांना ओटा पटला तर सगळ्या घरांत, नाहीतर कुठेच नाही. ह्यांनी आयुष्यात हट्ट असा तो एकच धरला.

मग ओट्याची उंची ठरवायला एका रविवारी टेप घेऊन हे माझ्यासमोर उभे. म्हणाले, सरळ उभी राहा, कोपर वाकव.

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते. लग्न ठरवताना मावशीनं माझी उंची पाच फूट सांगितली होती. होते चार फूट नऊ इंच. लग्नानंतर ह्यांच्या हातात टेप दिसला की माझ्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या. पायघोळ साडीखाली कोणाला काय दिसतंय? त्या रविवारीही उचलल्या. हे कोपरापर्यंतचं माप लिहून घेत होते आणि मी वर छताकडे बघत होते, देवळातल्या मूर्तीसारखी. माझ्याइतकी मूर्ख बाई तेव्हा पवनेच्या काठावर दुसरी नसावी.

माप नकाशावर चढल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. तेव्हापासून जिवाला थारा नाही. भाजी चिरता चिरता उठायची, दारात जायची, परत यायची. आज सांगू, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे मावशी खोटी, मी खोटी. आणि हे रोज येऊन सांगायचे, भिंती झाल्या, फरशी आली, उद्या बसवतोय. एकदा धाकटीला काखोटीला मारून साईटपर्यंत चालत गेले आणि रस्त्याच्या पलीकडूनच परत फिरले.

बायका बघायला आल्या त्या दिवशी हे मलाही घेऊन गेले. घरमालकीणही बरोबर निघाली. पाच-सहा बायका होत्या. एकीनं ओट्यावरच्या पोळपाटापुढे उभं राहून पाहिलं, तिचे खांदे कानाला टेकले. हात भरून येतील, म्हणाली. दुसरी म्हणाली, त्यापेक्षा बसलेलं बरं. साहेबांनी नकाशातला ओटा खोडायला खिशातून पेन काढलं. ह्यांचा चेहरा उतरला. मग हे माझ्याकडे वळले.

"अगं, तू करून दाखव जरा."

तेव्हा तरी सांगावं की नाही? मी पदर खोचला, टाचा उचलल्या आणि पोळी लाटायला लागले. दोन पोळ्या झकास झाल्या. साहेबसुद्धा मान डोलवू लागले. तिसरीला पोटऱ्या थरथरायला लागल्या. घरमालकीण बाजूला जमिनीवर बसली होती, तिला नको ते सगळं दिसत होतं.

"आवो बाई, टाचा टेका की," ती म्हणाली. "हितं काय तुमास्नी पसंत कराया आलेत व्हय?"

बायका हसल्या. हे हसले नाहीत. खाली वाकले, माझ्या टाचेखाली हात घातला, पट्टी लावली. उठून साहेबांना म्हणाले,

"माप माझं चुकलं. तीन इंच खाली घेतो. बायकांना आणखी एकदा बोलवा."

कोणाचं चुकलं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं.

परतताना हे सायकल हातात धरून चालत होते. मी मागून. मला वाटलं, ओरडतील, मग बरं वाटेल. चिंचवडची घरं दिसायला लागली. शेवटी मीच म्हणाले, "पाच फूट नाहीये मी."

"उद्या साईटवर ये," हे म्हणाले. "चपला काढून, टाचा टेकून."

दुसऱ्या दिवशी गवंड्यासमोर उभी राहिले. ह्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. फरशी काढून पुन्हा बसवली. बायका परत आल्या, एकीनं ओट्यावर हात फिरवून, पीठ कुठं ठेवायचं, एवढंच विचारलं. ओटा सगळ्या घरांत झाला. मला पुढं कधी ह्यांनी त्यावरून चिडवलं नाही. चिडवलं असतं तर फिट्टंफाट झाली असती.

आता मी नातवाकडे राहते, पिंपळे सौदागरला, अकराव्या मजल्यावर. त्याचा ओटा मला उंच पडतो. नातसून म्हणते, आजी, तुम्ही बसा. मी बसत नाही. चहा ठेवायला उभी राहिले की टाचा उचलल्या जातात, आणि मी मागं वळून बघते, कोणी बघतंय का.