मथुरेहून गोकुळ

"मथुरेहून गोकुळ किती कोस वो महाराज?"

श्रावणात देवळात पोथी लागली आणि कृष्ण मथुरेला निघाला, की मावशी हमखास हा प्रश्न टाकायच्या. महाराज चष्मा सावरत म्हणायचे, "असंल तीन-चार कोस."

"मग तेवढं यायला देवाला सवड झाली न्हाई?"

बाया पदराआड हसायच्या. पोथीत असा खोडा घालणारी एखादी मावशी तुमच्याही गावात असेल. आमच्या मावशी थट्टा करत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.

दुष्काळात शेजारचं जोडपं ऊसतोडीला गेलं, ते चार महिन्यांचं पोर मावशींच्या ओटीत टाकून. मावशींना मूलबाळ नव्हतं, एक म्हैस होती. तिच्या दुधावर त्यांनी ते पोर जगवलं, नऊ वर्षं वाढवलं. मग आईबाप आले आणि त्याला नेकनूरला घेऊन गेले. आमच्यापासून दोन कोस. पुढे तो दूध संघाचा चेअरमन झाला. गावात कधी फिरकला नाही.

"मथुरेत लई कामं असत्यात," मावशी म्हणायच्या.

मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. सभासद अर्जावर वारस म्हणून त्यांनी त्याचंच नाव सांगितलं.

"नातं काय लिहू?"

"यशोदा लिव्हा."

मी हसलो. "तसं चालत नाही मावशी. दत्तकाचा कागद आहे का?" कागद कुठला असणार? मी रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नातं नाही'. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी खुशीत अंगठा उठवला.

मावशींनी अंथरूण धरलं तेव्हा तोच अर्ज घेऊन मी नेकनूर गाठलं. म्हटलं, "साहेब, मावशी तुमचंच नाव घेतायत. एकदा येऊन जा. हे बघा, वारसही तुम्हालाच लावलंय."

त्याने अर्ज नीट वाचला. रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "नातं न्हाई. तुमीच लिव्हलंय न्हवं? मग मला कशाला बोलवता?"

मी अर्जाची घडी घातली. संताप त्याचा आला, त्याहून जास्त माझा.

परतलो तर मावशींनी विचारलं, "निघाला का?"

"येतो म्हणालेत."

"दोन कोस तर हाय," त्या म्हणाल्या आणि दाराकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. अग्नी भावकीतल्या कुणीतरी दिला.

यंदाच्या श्रावणात कृष्ण मथुरेला निघाला तसे महाराज सवयीने थांबले, चष्मा सावरला. देवळात कुणीच काही बोललं नाही. विचारावंसं मला वाटलं होतं. पण कुठल्या तोंडाने विचारणार?