वालाचा दाणा आणि चार पंच

आता माझ्याच मूर्खपणाचं माझ्याच तोंडानं काय सांगावं, पण ऐका. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, मला मात्र अजून रागच येतो.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. आमचं गाव सिंदेवाहीच्या अलीकडे. आमचे हे मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेले, तिसऱ्यांदा बसणार होते. एका दुपारी पाहते तर काय, पुस्तक बाजूला सारून हे सारवलेल्या ओसरीवर दाणे मांडत बसलेले. दोन तांदूळ, मग वालाचा एक दाणा, मग पुन्हा एक तांदूळ. तोंडानं पुटपुट चालूच.

आमच्याकडे दाणे कोण मांडतो? भगत. घरात काय अडलं, कोणामुळे अडलं, ते तो दाण्यांत पाहतो.

"काय पाहून राह्यले जी?"

"तुले नाई समजत त्यातलं. जाय, भात पाह्य."

झालं, माझं डोकं तडकलं. मला नाही समजत? सरळ तर होतं. पहिला तांदूळ सासू, दुसरा सासरे, शेवटचा हे. आणि यांच्या बगलेत बसलेला तो गुबगुबीत वाल कोण? सवतच की. मी तर त्या मांडणीत कुठं नव्हतेच.

भात चुलीवर करपू दिला आणि तडक निघाले. माहेर दोन कोस. दिवस बुडायच्या आत बाबांना आणि चार पंचांना पायी घेऊन परत हजर.

पंच ओसरीवर बसले. बाबांनी विचारलं, "जवाई, कोनती पोरगी पाह्यली दान्यात?"

हे आधी बावरले. मग दाणे पुन्हा मांडले. "मामाजी, हा इंग्रजी शबद आहे. लांब आहे म्हनून तोडून मांडतो. कॉन्. स्टि. ट्यू. शन. वाल जिथी, तिथी जोर द्याचा. परीक्षेत हेच इचारते. दोनदा यातच पडलो."

पंचांना ते असं आवडलं की माझा विषय बाजूलाच राहिला. चारही म्हातारे मांडीवर थापा मारत "कॉन्-स्टि-ट्यू-शन" म्हणू लागले. वालाला थाप जोरात.

"भाऊ, आता याहून लांब मांडा न," त्यातला एक म्हणाला. सासूबाईंनी आतून मूठभर वाल आणून दिले.

मी दारात उभी, अंगाचा नुसता जाळ. "अन् माह्यं काय?"

बाबांनी टाचेतला काटा उपटत माझ्याकडे पाहिलं, मग कीव आल्यासारखं यांच्याकडे.

"जवाई, खरंच दुसरी कराची असंन तं सांगा," ते म्हणाले. "पंच इथीच बसले आहेत."