चिठ्ठीतून गाळलेली ओळ

मंगळवारी सकाळी दादा भाताची रोपं काढायला खाचरात गेला. तिथे त्याला फीट आली; पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याने लांबून पाहिलं. तो पालथा पडला. खाचरात वीतभर पाणी होतं. वहिनी न्याहारी घेऊन पोचली तेव्हा तो गेला होता.

एवढं आमच्या सगळ्या पासली गावाला माहीत आहे. त्याच्या आधीचं मला एकटीला माहीत आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण काही फार धीटपणाचं नाही — मला कळतं.

मी भोरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दादा सातवीत शाळा सोडून शेतात गेला, मी शिकत राहिले. घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे यायचा. विजेचं बिल असो, तलाठ्याचा उतारा असो — सुमन वाचेल, सुमन सांगेल. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

दादा दिवसाला दोन बंडलं बिड्या ओढायचा. बारा महिने खोकला. चढ चढताना मध्येच थांबायचा आणि आपण डोंगर बघतोय असं दाखवायचा. मीच त्याच्या मागे लागले. भोरच्या डॉक्टरांची वेळ मीच घेतली. हे कौतुकासाठी लिहीत नाही. सगळं माझ्याच हातून झालं, एवढंच सांगायचं आहे.

दादा, वहिनी आणि मी, तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. बिडीची तलफ कमी करणारी एक गोळी आहे म्हणाले, पण ती सगळ्यांना चालत नाही. आधी काही विचारावं लागेल.

"बिडी सुटंल वो," दादा म्हणाला, "पर तोंडाला काम काय देऊ? हिच्याशी भांडू व्हय?"

"भांडा की," वहिनी म्हणाली. "तेवढंच दोन शब्द तरी बोलाल."

डॉक्टरही हसले. मग एकेक विचारत गेले — दारू, झोप, बाकीची औषधं, डोक्याला कधी मार. आणि मग, "काका, कधी फीट आली होती? आकडी? तरुणपणी, लहानपणी, कधीही? असेल तर सांगा, लाजण्यासारखं काही नाही. मग ही गोळी द्यायची नाही एवढंच. दंडाला लावायची चिकटपट्टी आहे, चघळायचं औषध आहे, दुसरं काहीतरी देऊ."

दादाने माझ्याकडे पाहिलं.

का पाहिलं, ते सांगायला हवं. दादा एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याला तीनदा आकडी आली होती. एकदा खळ्यावर, दोनदा घरात. आबांनी, आमच्या वडिलांनी, दार लावून आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "ह्यातलं भाईर बोलायचं न्हाई. उद्या पोरीचं लगीन व्हायचंय. भावाला फेपरं म्हनल्यावर कोन करंल?" पोरगी म्हणजे मी. दादाच्या गोळ्या पुण्याहून यायच्या. भोरला ओळखीचं कुणीतरी भेटतं, म्हणून पुण्याहून. पुढे आकडी यायची थांबली, गोळ्या थांबल्या, आणि माझं लग्न झालं. मग दादाचं झालं. वहिनीच्या माहेरी सांगायचा प्रश्नच नव्हता. माझ्या सासरी सांगितलं नव्हतं तर तिथे कसं सांगणार? आमच्याकडे हे असंच करतात. एका लग्नासाठी लपवायचं, आणि मग त्या लपवण्यासाठी दुसऱ्या लग्नात लपवायचं.

तर दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणालाच नाही."

कुणालाच — हे कुणी विचारलं होतं?

त्या महिन्यात भाचीचं, दादाच्या मुलीचं, मार्गासनीच्या एका घरी जमत होतं. मी पुष्कळ दिवस मनाशी हेच धरून बसले — भाचीसाठी बोलले. ऐकायला बरं वाटतं ना? पण तसं नव्हतं. भाची त्या क्षणी माझ्या डोक्यात आलीसुद्धा नाही. डोक्यात आला माझा नवरा. वहिनीला कळलं की भोरपर्यंत येणार, आणि मग तो जेवताना सहज विचारणार, तुला लग्नाच्या वेळी माहीत होतं? सव्वीस वर्षांच्या संसाराला त्या प्रश्नाने काय होणार होतं? काही नाही. दोन दिवस अबोला. तेवढ्याला मी घाबरले.

खरं बोलले असते तर फक्त औषध बदललं असतं.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. दवाखान्यात तोंडून निघून गेलं असं म्हणता येईल. पुढचं तोंडून निघून गेलेलं नाही.

गोळ्यांच्या खोक्यात इंग्रजी माहितीपत्रक होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तेवढं मराठीत उतरवून द्या. मी भितीला लावते. ह्यांच्यावर माझा भरवसा न्हाई." मी घरी आले, शब्दकोश जवळ घेतला आणि बसून उतरवलं. अक्षर माझं चांगलं आहे. सुरुवातीला सकाळी एकच गोळी. मग डॉक्टर सांगतील तेव्हा दोन, मध्ये आठ तासांचं अंतर. एखादी चुकली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दारू नाही. गोळी चावायची नाही, तोडायची नाही. सगळं नीट, क्रमाने.

वरून तिसरी ओळ अशी होती — ज्यांना पूर्वी कधीही फीट आली आहे त्यांनी हे औषध घेऊ नये.

ती ओळ मी दोनदा वाचली. आणि उतरवली नाही. माहितीपत्रक घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवलं, चिठ्ठी वहिनीला पाठवली. ती तिने खरंच भिंतीला लावली.

अजून हे थांबवता आलं असतं का? आलं असतं. दोन आठवडे झाले आणि दादाचा फोन आला. आवाजात आनंद होता. "सुमे, पाच दिस झालं. येक बी बिडी न्हाई." मग हळू आवाजात, "पर सकाळी हात झटका मारतोय गं. काल चा सांडला. तसलं तर न्हाई ना?"

तसलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला ते विचारलं होतं. माझ्याशिवाय विचारणार कुणाला?

दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जाऊन एवढंच सांगायचं होतं — डॉक्टर, मी चुकीचं सांगितलं होतं. मी फोनवर म्हणाले, "बिडी सुटताना होतं तसं. घेत राहा. मध्येच सोडू नकोस."

"बरं," दादा म्हणाला. "तू म्हणतीस तर."

हे शुक्रवारी. पुढे मंगळवार.

नंतर वहिनीचे दोघे भाऊ दवाखान्यात गेले. बरोबर मी. शिकलेलं माणूस हवं म्हणून. तुमच्या गोळीने माणूस गेला म्हणत त्यांनी आवाज चढवला, रांगेतले लोक दारात येऊन उभे राहिले. डॉक्टरांनी दादाचा कागद काढला, वाचला आणि माझ्याकडे वळले. "ताई, फीटबद्दल मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणाला होतात ना?"

"हो," मी म्हणाले. "कधी नव्हतीच."

त्यांनी कागद परत फायलीत ठेवला. मग म्हणाले, "क्वचित एखाद्याला असं होतं. मला माफ करा." माझी माफी मागितली त्यांनी, आणि मी मान हलवून ती घेतली.

एवढ्यावरही संपलं नाही. पासलीत दादाच्या शेजारचे शंकरनाना — दादाची बिडी सुटलेली बघून तेही त्याच डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन आले होते. त्यांना कधी आकडी नाही, काही नाही. डॉक्टरांनी सगळं विचारून दिल्या होत्या. नानांना त्या चालल्या असत्या. तेराव्याला ओट्यावर बसून त्यांनी खिशातून बंडल काढलं आणि म्हणाले, "गोळ्या खाऊन मरन्यापरीस बिडी वढून मरू. निदान वळखीची तरी हाय." चार माणसं हसली. मी पाणी देत होते. नानांच्या हातात तांब्या दिला आणि पुढे गेले.

गोळी वाईट नव्हती. डॉक्टर वाईट नव्हते. जे विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं, जे छापायचं ते छापलेलं होतं. मध्ये मी होते.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. त्या डॉक्टरांकडे पासलीचं कुणी जात नाही. शंकरनानांना आता देवळापर्यंत चालवत नाही. भाचीचं लग्न झालं, तिला मुलगी आहे. कुणी भेटायला आलं की वहिनी डॉक्टरांना शिव्या देते, आणि मी तिच्या शेजारी बसलेली असते.