गेस्ट, व्हिजिटर आणि ताई

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो, पण कोणी विचारो न विचारो, शब्दांचे अर्थ सांगायची खोड काही गेली नाही. त्या दिवशी गेटवरून चौकीदाराचा फोन आला. "साहेब, काटोलवरून एक बाई आल्या आहेत. गेस्ट की व्हिजिटर?"

मला तेवढंच पाहिजे होतं. व्हिजिटर म्हणजे कामापुरता येऊन जाणारा, मीटर पाहणारासुद्धा. गेस्ट म्हणजे ज्याची आपण वाट पाहतो, ज्याला बसवून जेवू घालतो. "गेस्ट," मी रुबाबात सांगितलं, नि खाली जाऊन लिफ्टमध्ये थोरल्या बहिणीलाही हा फरक समजावला. ताई लिफ्टच्या बदलत्या आकड्यांकडे पाहत होती. बाबांचं घर विकून आम्ही या फ्लॅटमध्ये आल्यावर ती पहिल्यांदाच येत होती, चांगली चार दिवस राहायला.

बायकोनं शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपबशा काढल्या, ट्रे आणला, बिस्किटं मांडली. ताईनं चहा संपवला, पदर सावरला. "मी सांजच्या बसनं जातो गा."

आई-बाबा नाहीत, घर नाही. ही अशी उठून गेली तर मला गाढव म्हणणारं हक्काचं माणूस कोण उरणार होतं?

बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे ती स्वतःच सांगत असते. तिनं ट्रे उचलला आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ताईच्या पुढ्यात ठेवली. "ताई, जाल तेव्हा जाल. आधी हा निवडून द्या. अन् भरीत तुम्हीच करा, मले तुमच्यासारखं जमत नाही."

ताई खाली मांडी घालून बसली. सांभार निवडला, वांगी भाजली, मग एक मिरची चावून पाहिली. "ह्या मिरच्या होय वं? पाला खाऊन राहिले तुम्ही लोकं." चप्पल घालून स्वतःच मिरच्या आणायला निघाली.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "साहेब, त्याच बाई. गेस्टच ना?"

मी तोंड उघडलं, तोच फोनमध्ये चौकीदाराच्या मागून ताईचा आवाज आला. "काहून गा, किती वेळा विचारतं? या घरची पोट्टी आली म्हणून सांग त्याले."

पासष्टी ओलांडलेली पोट्टी.

"साहेब, सोडू?"

"सोड," मी म्हणालो. पुढे अर्थ न सांगता फोन ठेवला नि घराचं दार सताड उघडून ठेवलं.